चिठ्ठीचं का मनाचं

चकलांब्याच्या अलीकडं दोन कोसांवर आमचं गाव. निजामाच्या अमदानीत त्या गावातून हैदराबादच्या विद्यापीठात गेलेला मी पहिला, आणि पुढची बरीच वर्षं शेवटचाही. बैलगाडीनं शहागडला यायचं, गोदावरी उतरायची आणि जालन्याला आगगाडीत बसायचं. एवढी वाट तुडवून तिथं काय शिकलो असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे, भांडायला शिकलो. म्हणजे पाळीपाळीनं, समोरच्याला 'जनाब' म्हणत, घंटी वाजली की गप्प बसत भांडायला. आमच्या गावात भांडणाला घंटी नसते, म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारी मोठ्या दालनात मुबाहिसा असे, म्हणजे उर्दूतून वादसभा. एक विषय, दोन बाजू आणि मध्ये टेबलावर पितळी घंटी. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं हे चिठ्ठ्या ठरवत. टोपीत हात घालायचा, जी चिठ्ठी निघेल ती आपली बाजू. आमचे एक वयस्कर प्रोफेसर घंटीपाशी बसत. ते म्हणत, समोरच्याची बाजू ज्याला आपल्या तोंडानं मांडता येत नाही, त्याला आपली बाजूही पुरती कळलेली नसते. मला एकदा चिठ्ठी आली की मुशी नदीवरचे पूल पाडून टाकावेत. मी त्या बाजूनं असा बोललो की सभा जिंकलो, आणि त्याच पुलावरून टांग्यात बसून मिठाई खायला गेलो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच वाटलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी प्रोफेसरांनी आम्हाला एक काम दिलं. आपापल्या गावी जा, गावाच्या जिव्हाळ्याच्या एखाद्या सवालावर एक मुबाहिसा भरवा आणि काय झालं ते दहा ओळींत लिहून आणा. विद्यापीठ म्हणजे चार भिंती नव्हेत, असंही ते काहीसं बोलले. मी ते नीट ऐकलं नाही, कारण गावात आपण कसे उभे राहू आणि लोक कसे थक्क होतील याचं चित्र मी तेव्हाच रंगवायला घेतलं होतं.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात माझी बायको मला भेटली. भेटली म्हणजे काय, एकाच घरात राहत होतो, पण दिवसाउजेडी नवराबायकोनं बोलायचं तर गोठ्यासारखी जागा नाही. तिथल्या भिंतीवर कोळशानं काहीतरी गिरवलेलं होतं. नीट पाहिलं तर 'ग' होता, गणपतीतला.

"मास्तरांनी दाखविला," ती म्हणाली. "ते दुपारचं म्हादेवाच्या मंडपात बायांला शिकवाय तयार हायत. त्यांची मंडळीबी संगं बसणार. सात-आठ जणी व्हतील. पण मामंजी म्हणत्यात, गाव काय म्हणंल तसं."

"तुला कावून शिकायचं?" मी विचारलं.

"तुमच्या पत्रात माझ्यासाठी काय असतंय ते मला माझ्या डोळ्यानं बघायचंय."

यावर मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागलो. माझी पत्रं घरी येत ती वडिलांच्या नावानं. वडील गावचे पाटील. ते पत्र आणलं की सगळं घर गोळा करत, चष्मा लावत आणि मोठ्यानं वाचून दाखवत. अशा पत्रात बायकोबद्दल काय लिहिणार? आमच्यात ती रीतच नव्हती. मी लिही, तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार, आईस नमस्कार, पाऊसपाणी कसं, तांबड्या बैलाचा पाय बरा झाला का. बैलाचा पाय दोन पत्रांत होता. तिच्यासाठी एका पत्रातही काही नव्हतं. ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि ती शिकली तर कळेलच, अशी एक बारीकशी धास्तीही मनात बसली. पण तरीही मी तिला शब्द दिला. म्हणालो, "गाव काय म्हणंल ते मी बघतो. सभाच भरवतो."

तर असा विषय मिळाला: बायकांना लिहावाचायला शिकवावं की नाही.

त्या काळी चार माणसं जमवून बोलायचं तर तहसिलीची परवानगी लागे. मी गेवराईला जाऊन उर्दूत दरख्वास्त दिली. तिच्यात सरकारच्या पदव्यांनी पाऊण कागद भरला आणि विषय खाली कसाबसा दोन ओळींत मावला. तहसिलीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला.

"बायांचा मामला हाय?" त्यानं विचारलं.

"हो."

"सरकारचं नाव निघायचं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग बायांचं नाव काढा, कितीबी काढा," असं म्हणून त्यानं शिक्का मारला. सोबतीला एक पोलीस जवान धाडला. तो आला, चावडीच्या खांबाला टेकला आणि सभा सुरू व्हायच्या आत झोपला.

सभा उन्हं कलल्यावर चावडीसमोर. माझ्याकडं सगळी विद्यापीठी सामग्री होती. घंटी म्हणून गाईच्या गळ्यातली घंटा, टोपी म्हणून वडिलांची जुनी पगडी, मत द्यायला दोन टोपल्या आणि खड्यांचा ढीग. एकाच गोष्टीवर अडलं. गावातले सगळ्यात जुने पंच, ज्यांना आम्ही सगळे म्हातारबा म्हणायचो, ते काठी टेकत उठले.

"चावडीत बोलायचं तर बेलभंडार उचलून बोलायचं," ते म्हणाले. "न्हाईतर त्या बाजारगप्पा. त्याच्यासाठी आमी कावून बसावं?"

बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन शपथेवर बोलायचं, ही आमच्या गावची जुनी चाल. शेताच्या बांधाचा तंटा असो, सोयरिकीचा असो, पंचांपुढं बोलणारा तसाच बोले. मला ते ऐकून भारी आनंद झाला. मी मनात म्हणालो, वा, विद्यापीठात घंटी आणि गावात बेलभंडार, दोन्ही एकत्र आली तर सभेला काय भारदस्तपणा येईल! ताबडतोब हो म्हणालो. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी चूक मी अशी हसत हसत केली.

समोरच्या बाजूला मास्तरच बोलणार होते. पगडीत हात घातला. मास्तरांना 'शिकवावं' निघालं. मला 'शिकवू नये' निघालं.

त्याच घडीला मी चिठ्ठी फाडून टाकायला हवी होती. चावडीच्या मागच्या भिंतीआड बायका कान देऊन उभ्या आहेत, त्यात माझी बायको आहे, हे मला ठाऊक होतं. पण प्रोफेसरांचा नियम डोक्यात होता, आली ती बाजू. आणि खरं सांगतो, मास्तर आधी बोलले आणि इतकं वाईट बोलले की माझी जीभ शिवशिवायला लागली. बिचारे मनापासून बोलत होते, पण धडा वाचावा तसं. तीन वाक्यांत त्यांचं संपलं.

मग मी उठलो. हातावर बेल, भंडारा. चार मुद्दे मांडले. पहिला, बाई वाचत बसली तर तव्यावरची भाकरी कोण उलटणार? दुसरा, आपल्या गावात वाचायला आहेच काय, तहसिलीचे हुकूम, आणि तेही उर्दूत. तिसरा, लिहायला आलं की सून पहिलं पत्र माहेरी लिहील आणि त्यात सासूचं नाव असेल. याला इतके लोक हसले की जवान जागा झाला. चौथा मुद्दा मी आवाज खाली आणून मांडला. म्हणालो, आज पत्र येतं तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस वाचतं आणि सगळं घर एका जागी बसून ऐकतं. उद्या जो तो आपापलं वाचील. मग सांगणाऱ्यावरचा विश्वास उडेल, आणि विश्वास उडाला की घर फुटायला कितीसा वेळ?

"बराबर हाय," वडील म्हणाले. माझे वडील सभेत कधीच मध्ये बोलत नसत, म्हणून मला नवल वाटलं. आपण फारच चांगलं बोललो असणार, असा मी त्याचा अर्थ लावला.

खडे पडले. माझी टोपली भरली, मास्तरांच्या टोपलीचं बूडही झाकलं नाही. जवानानंही जाता जाता एक खडा माझ्या टोपलीत टाकला. मी सगळ्यांना हात जोडले आणि घरी आलो. मनात म्हणत होतो, चला, मुबाहिसा झाला. आता उद्यापासून मास्तर शिकवतील.

दुसऱ्या दिवशी मंडप रिकामा. मास्तरांना विचारलं तर ते माझ्याकडं पाहत राहिले. "तुम्हीच तर बेलभंडार उचलून नको म्हणालात," ते म्हणाले. मी म्हातारबांकडं गेलो. सांगितलं, ती नुसती चिठ्ठीची बाजू होती, माझं मत उलटं आहे. त्यांना वाटलं उन्हानं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

"म्हंजी तू जे बोल्लास ते तुला वाटत न्हाई?"

"न्हाई."

"मग बोल्लास कावून?"

या प्रश्नाचं उत्तर हैदराबादेत फार सोपं होतं. गावच्या पारावर मला ते सापडेना. पूल पाडा म्हटल्यानं मुशीवरचा एकही पूल पडत नव्हता. इथं मात्र आठ बायकांची शाळा मी एका संध्याकाळात पाडली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजूनही गेलेली नाही.

घरी बायको बोलायची बंद झाली. ताट वाढी, पाणी ठेवी, पण शब्द नाही. गोठ्यात गेलो तर भिंतीवरचा 'ग' पुसलेला. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी आईनं मला चुलीपाशी बसवलं.

"तुझ्या त्या शाळंत भाषण सपल्यावर काय करत्यात?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, भाषण झालं की ऐकणाऱ्यांपैकी कुणीही उठून सवाल विचारू शकतं आणि बोलणाऱ्याला जवाब द्यावाच लागतो.

"मग हितं कावून न्हाई केलं?"

मी विसरलो होतो. घंटा, पगडी, टोपल्या, खडे, सगळं आणलं होतं. ऐकणाऱ्यानं विचारायचं, एवढंच राहिलं होतं. जिंकायच्या घाईत राहिलं, असं म्हणणं जास्त खरं.

आईनं म्हातारबांना निरोप धाडला. त्यांनाही बेलभंडाराचा कायदा आठवला, की उचलून बोललेल्याला कुणीही उचलून सवाल करू शकतं. पण बाई चावडीत येणार कशी? त्यावर तोड आईनंच काढली. सोमवारी संध्याकाळी सगळं गाव महादेवाला येतं, तिथंच पायरीवर बसू. देवदर्शनाला तहसिलीची परवानगी लागत नाही.

सोमवारी मी पायरीवर उभा राहिलो. हातावर पुन्हा बेल आणि भंडारा. समोर आई उभी राहिली, तिच्याही हातावर तेच. सगळं गाव होतं. वडील एका कडेला, नेहमीसारखे गप्प.

"मला लई बोलता येत न्हाई," आई म्हणाली. "येकच पुसते. त्या दिशी बोल्लास ते चिठ्ठीचं व्हतं का मनाचं?"

माझ्याकडं सहा उत्तरं होती, सगळी विद्यापीठी. हातावरच्या भंडाऱ्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "चिठ्ठीचं."

"आन् मनाचं काय हाय?"

"शिकवावं."

मग मागून एकजण म्हणाला, "मग आमचे खडे कावून वाया घालवलेस बे?" आणि गाव हसायला लागलं. म्हातारबा मात्र हसले नाहीत. पाटलाचा लेक असला तरी बेलभंडार उचलून खोटं बोललाय, सुट्टी सरेपर्यंत रोज महादेवाचं अंगण झाडायचं, असा त्यांनी दंड सुनावला. मग पुन्हा टोपल्या आल्या. चावडीत बायकांना खडा नव्हता. देवळाच्या पायरीवर काय कायदा लागतो ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आईनं खडा टाकला, आणि मग सगळ्याजणी टाकू लागल्या. वडील मुठीत खडा धरून बराच वेळ उभे होते. त्यांनी तो कुठं टाकला ते मला गर्दीत दिसलं नाही. पण या खेपेला मास्तरांची टोपली भरली.

मी दंड पुरा केला. दुपारच्या उन्हात, वर्ग भरायच्या आधी, डोक्याला पंचा गुंडाळून अंगण झाडायचो. बायका पाट्या घेऊन यायच्या आणि पदराआडून माझी झाडलोट तपासायच्या. माझी बायको एकदा थांबली, तोंडानं काही बोलली नाही, पायाच्या अंगठ्यानं नुसता एक कोपरा दाखवला. तिथं बेलाची पानं राहिली होती. ती मी उचलली. भांडण मिटलं ते त्या कोपऱ्यात.

गावात मात्र आईचा सवाल जो रुजला तो रुजलाच. सोयरिकीची बोलणी असोत की बैलाचा सौदा, माणसं मध्येच थांबवून विचारत, "हे चिठ्ठीचं बोलतूस का मनाचं?" त्याच उन्हाळ्यात गेवराईहून गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, आला आणि ओढ्यावरच्या नव्या रस्त्याला गावानं आठ दिवस राबावं, त्यात गावाचंच भलं आहे, असं चावडीत समजावू लागला. एक म्हातारा उठला, त्यानं हात जोडले आणि अदबीनं विचारलं, "सायेब, हे चिठ्ठीचं हाय का मनाचं?" गिरदावराला काही उमजलं नाही. पण गावाला उमजलं, आणि त्यानंतर आणखी चार सवाल आले. सवाल विचारला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे आमच्या गावानं त्या दिवशी पाहिलं. राबणुकीचे आठ दिवस पाचावर आले.

मृगाच्या तोंडावर मी हैदराबादला परतलो आणि दहा ओळी लिहून दिल्या. प्रोफेसरांनी त्या वाचल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या. पुढच्या जुमेरातीपासून दालनात एक नवा नियम आला. भाषण संपलं की घंटीपाशी येऊन, आपलं स्वतःचं मत काय आहे ते एका वाक्यात सांगायचं. तो नियम माझ्या आईनं केला, हे तिथं प्रोफेसरांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास मला पत्र आलं. पत्ता मास्तरांच्या अक्षरात होता. आतली अक्षरं मोठी, वाकडी, ओळ सोडून वर चढलेली. पहिल्यांदाच माझ्या बायकोनं मला लिहिलं होतं. माझे चारही मुद्दे तिला पाठ होते, भिंतीआडून ऐकलेले, आणि ती एकेकाला जवाब देत गेली होती.

"येक. भाकरी करपली न्हाई. दोन. वाचायला तुमची पत्रं हायत. तीन. माहेरी पत्र लिवलं, त्यात सासूबाईंचं नाव हाय, त्यांनीच मजला शाळंत धाडलं असं लिवलं.

"चार. याला जवाब न्हाई. तुमची जुनी पत्रं मामंजींकडं मागितली. ते म्हणाले उंदरांनी खाल्ली. मग सासूबाईंनी पेटीतून काढून दिली. समदी वाचली. मामंजी वाचून दाखवायचे तवा दर पत्राच्या शेवटाला म्हणायचे, सूनबाईची तब्येत कशी हाय ते कळवा, तिला म्हणावं मी बरा हाय, काळजी करू नको. तसं येकाबी पत्रात लिवल्यालं न्हाई. मी मामंजींला काई बोल्ले न्हाई. तुमी आता तसं लिवत जावा. म्हंजी त्यांला आपल्या मनानं वाचावं लागायचं न्हाई."

मी ते पत्र वसतिगृहाच्या पायरीवर बसून वाचलं. चावडीतलं ते 'बराबर हाय' आणि मुठीत धरलेला खडा, दोन्ही मला तेव्हा कळलं. तीन वर्षं माझ्या पत्रात जे नव्हतं ते वडील खणखणीत आवाजात वाचत आले होते. सून वाचायला शिकली तर आपण उघडे पडू, याची त्यांना धास्ती होती. आणि खरं तर उघडा मी पडणार होतो. त्या जुमेरातीला मी दालनात गेलो नाही. खोलीत बसून घरी पत्र लिहिलं. नमस्कार, पाऊसपाणी, तांबडा बैल, आणि शेवटी तिच्यासाठी चार ओळी. त्या चार ओळींना सारी दुपार गेली.

ते पत्र गावी पोचलं तेव्हा काय झालं ते पुढच्या सुट्टीत आईनं सांगितलं. वडिलांनी नेहमीसारखं घर गोळा केलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. बैलाच्या पायापर्यंत वाचलं. पुढच्या ओळींवर थांबले. एकदा मनाशी वाचल्या. मग चष्मा काढला आणि कागद सुनेपुढं धरला.

"ह्ये तुझं हाय," म्हणाले. "तूच वाच."